ठाकुर्लीची बरणी

डोंबिवली सोडून गाडी वेग घेते न घेते, तोच ठाकुर्ली येते. इथे थांबते ती धिमी गाडी; जलद गाड्या या स्टेशनाकडे ढुंकूनही न पाहता कल्याण गाठतात. आमचे बालपण मात्र इथल्याच रेल्वेच्या चाळीत गेले. १९२५ साली मुंबईत विजेची गाडी धावू लागली आणि पुढे तिला वीज पुरवायला रेल्वेने ठाकुर्लीस, चोळे गावापाशी, वीजघर उभारले. वडील तिथे नोकरीला होते. ते वीजघर बंद होऊनही कित्येक वर्षे लोटली. पण दोरीवरच्या धोतरांवर बसणारी कोळशाची काजळी मला अजून आठवते.

शेजारी एक ईस्ट इंडियन कुटुंब होते. नावाने दचकू नका. ही माणसे इथलीच, वसई-ठाण्याकडची, पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेली, घरात मराठीच बोलणारी. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतले. दिवाळीत आमच्या फराळाचे ताट मावशींकडे जाई आणि नाताळात तेच ताट कुलकुलांनी भरून परत येई. सोबत एक छोटी बाटली. घरी केलेली गोड, पांढरी वाईन.

आई ती हसतमुखाने घेई, दार लावी आणि मोरीत ओतून टाकी. तिला सोवळ्याची जेवढी काळजी, तेवढीच वडिलांच्या नोकरीची. परवान्याशिवाय घरी मद्य करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा होता, आजही आहे. मग बाटली विसळून, तीत साखर भरून ती परत पाठवी. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, हेही तिचेच शास्त्र. ‘आवडली का रे आईला?’ असे मावशी विचारीत आणि मी ‘हो’ म्हणून धूम ठोकी.

यंदा मुद्दाम मावशींना भेटायला गेलो. नव्वदीच्या घरात आल्या आहेत, लेकाजवळ राहतात. फडताळावर तीच चिनी मातीची बरणी दिसली. आत लिंबाचे लोणचे!

‘मावशी, तेव्हा वाईन करायचात तरी कशी?’

त्या खुलल्या. नाशिकची हिरवी द्राक्षे दोन किलो. धुऊन, कोरडी करून, कुस्करून गाळायची. साल रसात ठेवायची नाही. काळ्या द्राक्षांचाही रस बहुधा पांढराच असतो, रंग उतरतो तो सालीचा. त्यात उकळून गार केलेले दीड लिटर पाणी, किलोभर साखर, मूठभर गहू आणि चिमूटभर यीस्ट. बरणीच्या तोंडाला मलमल बांधायची. झाकण घट्ट लावले तर आतल्या वायूने फुटायची भीती. रोज लाकडी डावाने ढवळायचे. एकवीस दिवसांनी गाळून, अंड्याच्या पांढऱ्याने निवळायचे आणि नाताळापर्यंत विसरून जायचे.

‘पण गोड कशी राहते?’

‘यीस्ट साखर खातं आणि तिचं मद्य करतं. मद्य वाढलं की तेच थकतं. उरलेली साखर आपली!’

नाशिकच्या वाईनला २००१ साली सरकारनेच धोरण आखून उत्तेजन दिले. आता ती दुकानात उघड मिळते. मावशींची बरणी मात्र नेहमी पडद्याआड असे. मला राहवेना.

‘मावशी, एक सांगायचं होतं. आई ती बाटली...’

‘ओतून टाकायची,’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘अरे, आपलं गटार एकच होतं. वास यायचा मला.’

‘मग दर वर्षी का द्यायचात?’

‘नाताळात शेजाऱ्याला द्यायची असते म्हणून. आणि तुझ्या आईची साखर यायची ना, ती मी पुढच्या बरणीत घालायचे.’

निघताना त्यांनी लोणच्याची बाटली हातात ठेवली. ती आता संपत आली आहे. दिवाळीत साखर भरून परत न्यायची आहे.