एअरबॅगचा लाल दिवा

आज पिकाचं नाही, पिकअपचं.

आमच्या जुन्या डबल केबिन गाडीत एअरबॅगचा दिवा वर्षभर पेटलेला. गाडी पळतेय ना, मग राहू दे, असं म्हणत ढकललं. पण हा दिवा पेटलेला असला की ठोकर बसल्यावर एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नाही, आणि पहाटे ३ वाजता भाजी भरून मार्केटला पोरगं जातं.

एक मिस्त्री म्हणाला, "बल्बच काढून टाकू." नको म्हटलं. (जुनी गाडी घेताना बघाच: चावी फिरवली की हा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी बल्ब काढला असेल.)

माझा संशय स्टिअरिंगमधल्या क्लॉक स्प्रिंगवर, पण हॉर्न तर नीट वाजत होता. साधा स्कॅनर इंजिनचेच कोड दाखवतो. एअरबॅगचे वाचणारा मिळाला तेव्हा कळलं, दोष ड्रायव्हरचा सीटबेल्ट आवळणाऱ्या सर्किटमध्ये. सीटखालचं पिवळं कनेक्टर बघितलं, तर पिनांवर हिरवट गंज! युरियाची पोती केबिनमध्ये मीच टाकायचो. ओल धरली की खत तांबं खातं.

बॅटरीची निगेटिव्ह काढून १० मिनिटं थांबलो, कारण युनिटमध्ये करंट साठून राहतो. मगच कनेक्टर सोडवून साफ केलं. तिथं मल्टीमीटर लावू नका, तेवढ्यानंही बार उडू शकतो. कोड पुसला, दिवा विझला.

पोरगं म्हणतं, आता चुकल्यासारखं वाटतंय. पोती मागे गेलीत, ताडपत्रीखाली.