हजारामागे किती?

साहित्याच्या व्यवहारात पैशाचा हिशेब विचारणे आपल्याकडे काहीसे असभ्य मानले जाते. मानधनाचा विषय निघाला की लेखक संकोचतो आणि संपादक चहा मागवतो. तरीही आम्हां काही मित्रांना हा हिशेब मांडणे भाग पडले. ज्येष्ठ कवी-कथाकारांची अभिवाचने त्यांच्याच आवाजात चित्रित करावीत, ती यूट्यूबवर ठेवावीत आणि जाहिरातींच्या उत्पन्नातून त्यांना मानधन द्यावे, असा बेत होता. लेखकाला शब्द देण्यापूर्वी आकडा हाताशी हवा, म्हणून आम्ही अंदाज बांधायला बसलो.

येथील भाव हजारावर ठरतो. ‘सीपीएम’मधला ‘एम’ दशलक्षाचा नव्हे. तो लॅटिन ‘मिले’चा, म्हणजे हजाराचा. जाहिरात हजार वेळा दाखवण्यासाठी जाहिरातदार जे मोजतो तो सीपीएम. ‘आरपीएम’ हा निर्मात्याच्या बाजूचा आकडा: यूट्यूबचा वाटा वजा जाता, जाहिरात न दिसलेले व्ह्यूही धरून, हजारामागे त्याच्या पदरात काय पडले ते तो सांगतो. समजा, सीपीएम 100 रुपये आहे आणि अभिवाचन 10,000 वेळा पाहिले गेले. वरवर पाहता हे हजार रुपये. पण त्यांतल्या 4,000 व्ह्यूंतच एकेक जाहिरात दिसली, तर जमा होतात 400 रुपये. त्यांतला निर्मात्याचा 55 टक्के वाटा 220. म्हणजे आरपीएम अवघा 22 रुपये.

तेही दार उघडल्यानंतर. 2018 पासून जाहिरातींतील वाट्यासाठी 1,000 सदस्य आणि वर्षभरात 4,000 तास पाहिले जाणे आवश्यक आहे (शॉर्ट्ससाठी पर्यायी अट निराळी). वीस मिनिटांचे अभिवाचन सर्वांनी शेवटपर्यंत ऐकले तर 12,000 व्ह्यू पुरतात. सरासरी श्रोता पाच मिनिटांत उठला तर 48,000 लागतात. तोवर जाहिराती दिसणारच नाहीत असेही नाही. 2020-21 मध्ये बदललेल्या अटींनुसार यूट्यूब अशा व्हिडिओंवरही जाहिराती दाखवू शकते. त्यांतला वाटा निर्मात्याला मिळत नाही.

परक्या चॅनलच्या उत्पन्नाचा अंदाज देणारे सोशल ब्लेडसारखे संकेतस्थळ हजारामागे पाव डॉलर ते चार डॉलर असा पट्टा धरत आले आहे. सोळापट अंतराच्या या पट्ट्याला प्रथमदर्शनी कोणी अंदाज म्हणणार नाही. पण ही रुंदी निष्काळजीपणाची नाही, ती व्यवहाराच्या स्वभावातच आहे. जाहिरातीची जागा बहुधा लिलावाने विकली जाते आणि बोली लागते ती बघणाऱ्यावर. तो कोणत्या देशात आहे, काय खरेदी करण्याची शक्यता आहे, सणासुदीचे दिवस आहेत की जानेवारीचा मंदावा, यांवर भाव ठरतो. एकच कविता न्यू जर्सीतल्या मराठी श्रोत्याने ऐकली तर सहसा अधिक मोल येते, नागपुरातल्या श्रोत्याने ऐकली तर कमी. कवितेत तर काहीच बदललेले नसते.

जाहिरात आणि मराठी साहित्य यांचा संबंध काही आजचा नाही. 1909 साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा पुढे बऱ्याच अंशी जाहिरातींच्याच आधारावर टिकली. मात्र तिथे जाहिरातदार पान विकत घेतो. ते पान कोल्हापुरात उघडले काय वा ठाण्यात, किंमत तीच. शिवाय जाहिराती मिळवणारा संपादक कोणत्या लेखकाला किती द्यायचे हे स्वतः ठरवू शकतो. लोकप्रिय कथेच्या बळावर एखादी अवघड कविता अंकात सुखाने नांदते. व्हिडिओच्या हिशेबात प्रत्येक रचना एकटी उभी असते आणि तिच्यापुढे तिचा स्वतंत्र आकडा लिहिलेला असतो.

हा आकडा रचनेच्या आतही शिरतो. जुलै 2020 पासून आठ मिनिटे वा अधिक लांबीच्या व्हिडिओंच्या मध्यभागी जाहिराती घालता येतात. पूर्वी ही मर्यादा दहा मिनिटांची होती. पाच मिनिटांच्या कवितेला तीन मिनिटांची प्रस्तावना जोडण्याचा मोह येथूनच जन्म घेतो. मध्ये जाहिरात न घालण्याची मुभा निर्मात्याला असते. पण ती वापरायची तर उत्पन्नावर पाणी सोडावे लागते. कवीने ओळींमध्ये ठेवलेली शांतता ही अशा वेळी विक्रीयोग्य जागा ठरते. समीक्षकाला हा प्रश्न परका वाटू नये. आशयाव्यतिरिक्त कोणत्या शक्ती रूप घडवतात, हे पाहणे त्याचेच काम आहे.

अखेरीस आम्ही ठरवले ते एवढेच. मानधन आधी ठरवावे, ते वर्गणीतून उभे करावे आणि चित्रीकरणाच्या दिवशीच लेखकाच्या हाती द्यावे. जाहिरातींचे उत्पन्न आलेच तर ते पुढच्या अभिवाचनाच्या खात्यात जमा व्हावे. अंदाज टाकून देण्याचे कारण नाही. वर्षाचा खर्च आखताना त्याचे खालचे टोक धरून चालता येते. मात्र पुढच्या खेपेस कोणाला बोलवायचे, या यादीशेजारी तो कागद ठेवायचा नाही. कारण त्यावर श्रोत्याच्या खरेदीची किंमत लिहिलेली आहे, कवीच्या ओळीची नव्हे.