पंचमाविना भुयार

रात्रीचे साडेअकरा. ‘डूम २’साठी महिनाभर खपून त्याने रचलेलं भुयार तयार होतं. राक्षस जागच्या जागी, दारं उघडत-मिटत होती. संगीत मात्र जुळेना.

1994च्या या गेमचं मूळ संगीत बॉबी प्रिन्सचं. पहिल्याच पातळीची धून धावायला लावणारी, आणि याच्या भुयारात तर दबकत चालायचं! सोय एवढीच, की गेमच्या ‘वॉड’ फाईलमधून धून बदलता येते. ती धून म्हणजे मिडी फाईल, आणि तिच्यात आवाज नसतोच. कोणता सूर, कधी, किती जोरात, एवढ्याच सूचना. म्हणून ती काही किलोबाइटांत मावते.

आधी त्याने ढोल बडवून पाहिले. लग्नाची वरात निघाली.

मग मारवा आठवला. पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, आणि षड्जावर सहसा न टेकणारा. घरी पोचूच न देणारा राग. तानपुरा निषादात लावून त्याने चार सूर संथ सोडले. तिसऱ्या वळणावर स्वतःच उभ्या केलेल्या राक्षसाला तो दचकला.

‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्येही (1978) चारच सूर, शत्रू सरकेल तसे वेग घेणारे. इथे वेग नको होता. धुनेच्या शेवटी त्याने बारा सेकंद रिकामी सोडली.

त्या शांततेत आतून आईचा आवाज आला, “अरे, दोन वाजले!”