विमुक्त

कोर्टात आधी आरोप ठेवतात, साक्षीपुरावा होतो, मग ‘निर्दोष मुक्तता’. माझ्या जातीच्या दाखल्यावर नुसतंच ‘विमुक्त’ आहे. कशातून? तर गुन्हेगार जमाती कायद्यातून. हा कायदा प्रथम १८७१ साली आला. त्यात जन्म हाच गुन्हा. पणजोबांना चावडीवर हजेरी द्यावी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो देशभर रद्द झाला. खटलाच नव्हता, तर निर्दोष ठरवणार कोण? (‘वि’ म्हणजे विशेष, असं संस्कृतच्या तासाला कळलं!) ‘विमुक्त’ म्हणताना जुना आळ आपोआप सांगितला जातो. आजी विचारते, “म्हंजी किटाळ गेलं का?” गावात चोरी झाली, की पोलिसांची जीप अजून आधी आमच्याच वस्तीवर येते.