पोर्सलेनचा पांढरा

मोतीबिंदू एकाच डोळ्याचा काढला आहे, दुसरा अजून जुनाच. त्यामुळे सध्या मला दोन पांढरे दिसतात. जुन्या डोळ्याला कोरा कागद पिवळट दिसतो, नव्याला निळसर. नेमकं आत्ताच चित्राचं काम आलंय ते पोर्सलेनचं.

पोर्सलेन हा शिकारी कुत्रा, फ्रान्सच्या पूर्वेकडच्या, स्वित्झर्लंडला लागून असलेल्या फ्रांश-कोंते प्रांतातला. वासावर माग काढत ससा, रो हरीण, रानडुक्कर यांच्यामागे टोळीने धावणारा. फ्रेंच राज्यक्रांतीत सरदारांकडच्या कुत्र्यांच्या टोळ्या मोडल्या, तशी ही जातही संपत आली होती. 19व्या शतकात स्विस शिकारी कुत्र्यांचं रक्त मिसळून ती पुन्हा उभी केली. नर खांद्यापाशी 55 ते 58 सेंटीमीटर. अंग शुभ्र, त्यावर थोडे नारिंगी ठिपके. ते पसरून पाठीवर झूल झाली तर चालत नाही.

हे सगळं मला जमतं. अडतं ते कातडीपाशी. केस आखूड आणि पांढरे, पण खालच्या पातळ कातडीवर काळे डाग. चित्रात ते दिसायला नकोत, नुसते जाणवायला हवेत. कुत्र्याच्या अंगात काळं खाली आणि पांढरं वर. जलरंगात पांढरं म्हणजे कागद, तो तर सगळ्यात खाली! अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा राखाडी ओल्यात सोडला, की एकतर कुत्रा मळका होतो, नाहीतर डाल्मेशियन. कालचा कागद मी फाडला. परवाचाही.

ऊद्री आठवतो. पंधराव्या लुईच्या शिकारी आणि त्याचे कुत्रे रंगवणारा. त्याच्या गुरूने, लार्जिलिएरने, त्याला फुलं आणायला पाठवलं. हा रंगीबेरंगी घेऊन आला. गुरूने परत पाठवलं: सगळी पांढरीच आण. ही गोष्ट ऊद्रीने 1749 मध्ये अकादमीतल्या व्याख्यानात स्वतःच सांगितली. पुढे 1753 मध्ये त्याने पांढऱ्या भिंतीवर टांगलेलं पांढरं बदक रंगवलं. ते चित्र पुढे चोरीला गेलं. मला त्याचा हेवा वाटतो, पण थोडाच. तो तैलरंगातला माणूस. पांढरं वरून चढवायची त्याला मुभा होती.

मला ती नाही, कारण मीच घेतलेली नाही. चायनीज व्हाइटची ट्यूब मी कधी उघडली नाही, आणि ही फुशारकी विद्यार्थ्यांसमोर इतकी मिरवलीय, की आता उघडायची सोयच उरलेली नाही. माझ्याच वयाचे एक चित्रकार बिनदिक्कत अपारदर्शक गुवाश वापरतात, वर मिशांना पांढरं जेल पेन. त्यांची कुत्री चुना फासल्यासारखी दिसतात. विकली मात्र जातात.

प्रत्येक नव्या कागदावर मी कान आधी रंगवून घेतो. लांब, पातळ, आत वळलेले, नारिंगी शिंतोड्यांनी भरलेले. खरं तर अंगाचा टोन बसल्याशिवाय कानांना हात लावू नये. पण खोलीत येणारा माणूस तिथेच थबकून वाहवा म्हणतो, आणि ती वाहवा ऐकल्याशिवाय माझ्याच्याने पुढचा वॉश लावला जात नाही.