तीन गावं पुढे

स्पेनमध्ये कुणी बोलण्यात, चेष्टेत, खर्चात अति केलं की त्याला सुनावतात, ‘ते आस पासादो त्रेस पुएब्लोस’. तू तीन गावं पुढे गेलास. जिथे उतरायचं होतं तिथे उतरला नाहीस, आणि आता मागे वळायचं म्हटलं तरी सोपं नाही. एक गाव पुढे जाणं म्हणजे डुलकी लागली असेल. तीन गावं म्हणजे खिडकीबाहेर दिसत असूनही न थांबणं. इंग्रजीत हे आणायला बसलं की हाताशी पहिल्यांदा येतं ते ‘यू वेंट टू फार’. फार पुढे गेलास. बोलणाऱ्याचा राग पोचतो, पण रस्ता पोचत नाही. धूळ, थांबे, सुटलेलं गाव, सगळं त्या ‘फार’मध्ये विरून जातं.

मी स्पॅनिशमधून इंग्रजीत भाषांतर करते आणि मोजते मात्र मराठीत. करारनामे असोत, निकालपत्रं असोत, वर्तमानपत्रातला लेख असो की एखादी कथा असो, हद्द ओलांडण्याची क्रियापदं कुठेही भेटतात आणि कामाचा वेग तिथेच मंदावतो. स्पॅनिशमध्ये ती उदंड आहेत: पासार्से, एक्सेदेर्से, रेबासार, सोब्रेपासार, त्रास्पासार, देसबोर्दार, सुपेरार, प्रोपासार्से, एक्स्त्रालिमितार्से, त्रासेंदेर. यांतल्या बऱ्याच जणांपुढे कोशात तेच ते ‘एक्सीड’ नाहीतर ‘गो बियाँड’ येऊन उभं राहतं. मला मात्र दिवसेंदिवस असं वाटू लागलं आहे की यांतलं प्रत्येक क्रियापद ओलांडण्याची नुसती बातमी देत नाही, त्यावर निवाडाही देतं. ओलांडणारा अपराधी, की शूर, की बिचारा, हे क्रियापदातच ठरून आलेलं असतं. शब्द आणला आणि निवाडा मागे ठेवला, तर साक्ष अर्धीच नोंदवली गेली.

पासार म्हणजे जाणं, सरणं, घडणं. त्याच्या शेपटीला ‘से’ लागलं की तेच जाणं अंगाशी येतं. ‘से’ म्हणजे स्वतः. हद्द बाहेर कुठे नव्हती, तुझ्यातच होती, आणि ती तूच मोडलीस, असं काहीसं ते इवलंसं अक्षर बोलतं. इंग्रजीत असं अक्षर नाही. तिथे ‘टू’, ‘ओव्हर’, ‘अ बिट मच’ असे शब्द जोडत जावं लागतं. मराठीला ही खुबी आतून कळते. ‘तो बोलला’, ‘तो बोलून गेला’, ‘तो बोलून बसला’ ही तीन वाक्यं घ्या. बोलणं तेच. ‘गेला’मध्ये भान सुटलेलं आहे, ‘बसला’मध्ये आता निस्तरायचं काय, ही धास्ती आहे. स्पॅनिश ‘से’ वाचताना माझ्या मनात आधी हे ‘बसला’ उमटतं, आणि मग इंग्रजीत त्याच्यासाठी जागा शोधणं सुरू होतं. कधी ती क्रियाविशेषणात सापडते, कधी वाक्याच्या ठेक्यात, कधी संवादातल्या दुसऱ्या माणसाच्या गप्प बसण्यात.

कधीकधी इंग्रजी स्वतःहून धावून येते, तेही सांगायला हवं. ‘पासार्से दे लिस्तो’ म्हणजे हुशारीत हद्दीपलीकडे जाणं. इंग्रजी म्हणते ‘टू क्लेव्हर बाय हाफ’: अर्ध्याने जास्त हुशार. म्हणजे एकावर अर्धा, म्हणजे आपला दीडशहाणा! स्पॅनिशने वाट मोजली, इंग्रजी आणि मराठीने माप काढलं, आणि हजारो मैलांवरच्या दोन भाषांचं माप तंतोतंत जुळलं. अशा दिवशी काम संपल्यावरही टेबलावरून उठवत नाही.

‘पासार्से दे ला राया’ हेही वरवर सोपं. राया म्हणजे रेघ. इंग्रजीतही रेघ ओलांडतातच. पण स्पेन आणि पोर्तुगालच्या सीमेचं लोकांच्या तोंडचं नावही ला राया आहे. 1297 मध्ये अल्कानिसेसच्या तहाने ती बरीचशी आखली गेली. युरोपातल्या सर्वांत जुन्या सीमांपैकी ती एक. तिच्या दोन्ही अंगांच्या गावांत सोयरिकी झाल्या, आणि स्पेनमधल्या यादवी युद्धानंतरच्या टंचाईच्या वर्षांत पोर्तुगालमधून कॉफीची पोती पाठीवर घेऊन माणसं रात्री ही रेघ ओलांडत राहिली. त्यांच्यासाठी रेघ ओलांडणं म्हणजे घरात भाकरी येणं. तिथल्या एखाद्या पात्राच्या तोंडी ‘राया’ आला की मी थबकते. त्याच्या ओलांडण्यात शरम असेलच असं नाही.

मेक्सिकोत तर रेघ डांबरावर आखलेली आहे. तिथल्या महामार्गांवर पाटी असते: सलग रेघ असताना ‘रेबासार’ करू नका. आपण ज्याला ओव्हरटेक म्हणतो ते मेक्सिकोत रेबासार. स्पेनमध्ये त्यासाठी वेगळंच क्रियापद आहे. दर्यावर्दी मंडळींच्या भाषेत रेबासार म्हणजे एखादं भूशिर किंवा खडक सुखरूप मागे टाकणं. तेच क्रियापद पारा चाळिशीपार गेल्याचं सांगतं. इथे इंग्रजी फारशी अडत नाही.

अडते ती भाताशी. जास्त शिजलेल्या भाताला स्पॅनिशमध्ये ‘पासादो’ म्हणतात, आणि लग्नाचं किंवा मुलांचं वय उलटलेल्या बाईबद्दल सर्रास म्हणतात, ‘से ले पासो एल आर्रोस’. तिचा भात शिजून पुढे गेला. इंग्रजी भाषांतरकार इथे ‘शी मिस्ड द बोट’ लिहून सुटतात. पण बोट चुकणं वेगळं. पुढची बोट असते. भात पुन्हा तांदूळ होत नाही. वाक्य क्रूर आहे, आणि त्याची क्रूरता अशी की त्यात बाईने काहीच केलेलं नाही. भाताने केलं, वेळेने केलं, ती फक्त जवळ उभी होती. मी ते गुळगुळीत करत नाही. इंग्रजी वाचकाला भात विचित्र वाटला तर वाटू दे. ज्या समाजाने हे वाक्य घडवलं त्या समाजाचं स्वयंपाकघर त्याला दिसलं पाहिजे.

खरी जोखीम पुढेच आहे. एखादा पुरुष बाईशी नको तसं वागला की जुनं स्पॅनिश म्हणतं, ‘से प्रोपासो’: जरा पुढे गेला. इंग्रजी कोशातले पर्याय त्याहून मऊ: ‘टुक लिबर्टीज’, ‘गॉट फ्रेश’, ‘मेड अ पास’. मराठीने तर यासाठी ‘अतिप्रसंग’ असा देखणा तत्सम शब्द शोधून ठेवला आहे. तीन भाषांनी तीन पडदे विणले, आणि तिन्हींच्या मागे तीच बाई उभी. यातलं ‘प्रो’ किंवा ‘अति’ असं सुचवतं की अमुक एका रेघेपर्यंत सगळं रीतसर होतं, पाऊल तेवढं पुढे पडलं. स्पेनने 2022 च्या कायद्यात ‘अबुसो’ आणि ‘आग्रेसिओन’ हा जुना भेद काढून टाकला. संमती नाही तर लैंगिक आक्रमण, एवढंच उरलं. कायद्याने पडदा फाडला. कथेत तो फाडायचा अधिकार मला आहे का? 1950 मधली एखादी आत्या पुतणीला दबक्या आवाजात सांगत असेल की अमका ‘से प्रोपासो’, तर तिच्या तोंडी आजचा शब्द घालणं खोटं ठरेल. तिथे मी इंग्रजीतही दबका शब्दच ठेवते, पण मऊ ठेवत नाही. ‘फॉरगॉट हिमसेल्फ’ लिहिते, म्हणजे निदान दोष कुणाचा हे वाक्याच्या कर्त्यावरून हलत नाही. बातमी किंवा जबानी असेल तेव्हा मात्र जे घडलं तेच लिहायचं.

एक्स्त्रालिमितार्सेचं दुखणं याचंच भावंड. अधिकारी ‘आपल्या अधिकारांत एक्स्त्रालिमितार्से झाला’. ‘एक्सीडेड हिज अथॉरिटी’ म्हटलं तर कारकुनी चूक. ‘अब्यूज्ड हिज पॉवर’ म्हटलं तर जुलूम. स्पॅनिश वाक्य या दोहोंच्या मध्ये उभं राहू शकतं. तिथे इंग्रजीला उभं राहायला मी ‘ओव्हरस्टेप्ड’ची अरुंद पायरी देते आणि पुढच्या मजकुरातल्या पुराव्यावर भिस्त ठेवते.

देसबोर्दारमध्ये माणूसच नसतो. बोर्दे म्हणजे कड, काठ. काठ सुटला, वाहून गेलं. 29 ऑक्टोबर 2024 च्या संध्याकाळी व्हॅलेन्सियाच्या दक्षिणेला पोयो नावाची घळ, जी वर्षातला बराच काळ कोरडी असते, ती ‘देसबोर्दार’ झाली. वरच्या अंगाला कोसळलेला पाऊस खाली पायपोर्ता गावात शिरला, जिथे त्या वेळी फारसा पाऊसही नव्हता. मोबाइलवरचा धोक्याचा इशारा आला तेव्हा रात्रीचे 8 वाजून 11 मिनिटं झाली होती. अनेक रस्त्यांवर पाणी केव्हाच आलं होतं. व्हॅलेन्सिया प्रांतात 220 हून अधिक माणसं गेली. त्या दिवसांचे स्पॅनिश मजकूर वाचताना हे एकच क्रियापद दोन तोंडांनी भेटतं: घळ देसबोर्दार झाली, आणि मदतीच्या फोनलाइनी, बचावपथकं, तीही ‘देसबोर्दादास’. इंग्रजीत पाण्याला ‘ओव्हरफ्लो’, माणसांना ‘ओव्हरव्हेल्म्ड’. दोन शब्द झाले आणि दोन घटना वाटू लागल्या. स्पॅनिशमध्ये ती एकच घटना होती, एकच लोट आधी काठावरून आणि मग कचेऱ्यांतून गेलेला. ‘व्हेल्म’ या जुन्या इंग्रजी धातूत उलथवून बुडवण्याचा अर्थ आहे, म्हणजे पाणी तिथेही आहे, पण आज ते कुणाला ऐकू येत नाही. म्हणून मी शक्य तिथे दोन्ही वाक्यं शेजारी आणते, म्हणजे एकाचं पाणी दुसऱ्यात झिरपावं.

पण निवाड्याचं काय? देसबोर्दार म्हटलं की दोष काठाचा नाही आणि काठाशी घर बांधू देणाऱ्याचाही नाही; पाण्याने मर्यादा सोडली, झालं. व्हॅलेन्सियाचा इतिहास इतका निर्दोष नाही. 1957 च्या पुरानंतर तुरिया नदी शहरातून उचलून दक्षिणेकडच्या नव्या पात्रात नेली, जुन्या पात्रात आज झाडं आणि खेळाची मैदानं आहेत. 2024 मध्ये त्या नव्या पात्राने शहर वाचवलं. बुडाली ती त्याच्या दक्षिणेकडची गावं. काठ माणसांनी हलवला होता. आपल्याकडे नकाशावर निळी आणि लाल पूररेषा आखतात, पंचवीस वर्षांतून आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी. त्यामुळे ‘नदीनं पात्र सोडलं’ हे वाक्य सांगली-कोल्हापूरच्या माणसाने वाचलं तर तो पहिला प्रश्न रेषेच्या आत कुणी बांधलं हा विचारील. स्पॅनिश क्रियापद तो प्रश्न विचारत नाही. मी इंग्रजीत तो घुसडत नाही, मात्र क्रियापदाने दिलेली माफी आणखी वाढवतही नाही.

कारण भाषांतरकाराने निवाडा बदलल्याचं ठळक उदाहरण याच दोन भाषांच्या इतिहासात आहे. स्पेनच्या राजचिन्हावर, एकेकाळी जगाची हद्द मानलेल्या हर्क्युलिसच्या दोन खांबांना गुंडाळलेल्या फितीवर ‘प्लुस उल्त्रा’ लिहिलेलं असतं: आणखी पलीकडे. 1516 च्या सुमारास तरुण राजा कार्लोससाठी मिलानच्या लुइजी मार्लियानो या वैद्याने ते ब्रीद सुचवलं. त्यात क्रियापद नाही. पलीकडे जाऊन काय केलं, हे लिहिलेलंच नाही. ते लिहिलं बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने, 1552 मध्ये सेव्हिलला छापलेल्या छोट्या पुस्तकात. त्याच्या नावात ‘इंडीजचा विध्वंस’ होता. 1656 मध्ये इंग्लंड स्पेनशी लढत असताना कवी मिल्टनच्या भाच्याने, जॉन फिलिप्सने, ते इंग्रजीत आणलं, तिथला सत्ताधीश क्रॉमवेल याला अर्पण केलं आणि नाव दिलं ‘इंडियनांची आसवं’. विध्वंसाची आसवं झाली. लास कासासने आपल्याच लोकांना आपल्याच राजासमोर उभं करून जाब विचारला होता. लंडनमध्ये तोच मजकूर शत्रूच्या बदनामीचा आणि स्वतःच्या मोहिमेचा दाखला झाला. त्याच्या आदल्याच वर्षी इंग्रजांनी जमैका घेतलं होतं. स्वतःची कबुली आणि परक्यावरचा आरोप यांतलं अंतर त्या भाषांतराने ओलांडलं, आणि मला ते ओलांडणं मान्य नाही.

त्रासेंदेरकडे मी नेहमी मोकळ्या मनाने येते, कारण त्यात रेघच मोडत नाही. इंग्रजीतला ‘ट्रान्सेंड’ देवाधर्माचा आणि तत्त्वज्ञानाचा होऊन बसला आहे. स्पॅनिशमध्येही तो अर्थ आहे. क्रूसाच्या संत हुआनने सोळाव्या शतकात ज्ञानापलीकडे जाण्यावर कविता लिहिली ती याच क्रियापदाच्या आधाराने. पण तेच क्रियापद रोजच्या बातमीत ‘आ त्रासेंदिदो’ म्हणून येतं, म्हणजे आतली गोष्ट बाहेर आली आहे. आणि त्याच्या जुन्या अर्थांत वास आहे, इतका तीव्र की लांबवर पसरावा. दरवळणं! देव, बातमी आणि सुगंध एकाच धातूत. बातमीसाठी इंग्रजीत ‘ट्रान्सपायर्ड’ मिळतो, त्यातही वाफ बाहेर पडण्याची आठवण आहे. सुगंधासाठी काहीच मिळत नाही. बागेतल्या संत्र्याच्या फुलांवर हे क्रियापद आलं तर मी ‘ट्रान्सेंड’चा मोह टाळते आणि वाऱ्याची, भिंतीची, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाची मदत घेऊन वाक्य लांबवते. शब्दाला शब्द द्यायचा हट्ट इथे सोडावाच लागतो.

आणि पुन्हा ते पासार्से. चिलीच्या सांतियागोत किंवा ब्वेनोस आयरेसमध्ये कुणी मित्रासाठी हाताने शिवलेलं काही घेऊन गेलं, किंवा परीक्षेच्या आदल्या रात्री जागून सगळं शिकवलं, तर तो म्हणतो, ‘ते पासास्ते!’ तू हद्द केलीस. माद्रिदच्या भांडणात जे आरोप होतं तेच इथे कृतज्ञतेने भरून आलेलं असतं, आणि कोणतं कुठलं हे फक्त आवाजावरून, घरावरून, हातातल्या वस्तूवरून कळतं. कागदावर आवाज नसतो. इंग्रजीत मी ‘यू शुडन्ट हॅव’ लिहिते: असं करायला नको होतंस. तक्रारीचं वाक्य प्रेमाने म्हटलेलं, अगदी तसंच जसं आपल्याकडे कुणी डबा उघडून आत पुरणपोळ्या बघते आणि आणणारीवर ओरडते, ‘अगं, कशाला एवढं केलंस!’