जुनं सॉफ्टवेअर सोडवेना : कवितेच्या चालीपासून जात्यावरच्या ओवीपर्यंत



आजचा विषय थोडा वेगळा आहे. कवितेला चाल लावायची, परिपाठाला साथ द्यायची, स्नेहसंमेलनासाठी ट्रॅक तयार करायचा, म्हणून आपल्यापैकी बरेच जण लॅपटॉपवर काही ना काही उद्योग करत असतात. मीही करतो. गेली कित्येक वर्षं एकाच जुन्या सॉफ्टवेअरवर करतो. ते सोडावं की धरून ठेवावं, यावर वर्षभर माझं माझ्याशीच भांडण चाललं होतं. ते भांडण कसं मिटलं, ते आज सांगतो. तुम्ही संगीताचं काही करत नसाल तरी वाचा, कारण शेवटी गोष्ट वर्गाकडेच येते.

आधी ‘लूप’ म्हणजे काय ते सांगतो. लूप म्हणजे आवाजाचा एक छोटा तुकडा. तो संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि जोड कुठे आहे ते कानाला कळत नाही. आपल्याला ही कल्पना नवी नाही. ढोलकीवर केरवा वाजतो तेव्हा आठ मात्रांचं आवर्तन पूर्ण होतं आणि पुन्हा समेवर येतं. लूप म्हणजे असं एक आवर्तन कापून ठेवलेलं. असे तुकडे एकाखाली एक मांडत गेलं की गाण्याची साथ तयार होते.

मी वापरतो ते सॉफ्टवेअर म्हणजे ‘ॲसिड’. नाव ऐकून घाबरू नका! सॉनिक फाउंड्री या अमेरिकन कंपनीने ते 1998 मध्ये आणलं. पुढे 2003 मध्ये ते सोनीकडे गेलं आणि 2016 मध्ये माजिक्स या जर्मन कंपनीकडे. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे वेगवेगळ्या गतीचे लूप आणून टाकले तरी ते आपोआप तुमच्या गाण्याच्या लयीत बसतात. सुरावटीचे लूप गाण्याच्या स्वरपट्टीतही येतात. पडद्यावर पेन्सिलने ओढत गेलं की लूप पुढे पुढे उमटत जातो, अगदी रांगोळीचे ठिपके काढल्यासारखा. त्याची ‘एक्सप्रेस’ नावाची मोफत आवृत्ती होती. तिच्यात फक्त दहा ट्रॅक मिळायचे. माझ्याकडे तीच आहे, भावाने वापरून दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर.

आता खरं सांगतो, या दहा ट्रॅकच्या मर्यादेने मला पुष्कळ शिकवलं. ढोलकी, टाळ, हार्मोनियमचा एक सूर आणि मुलांचे आवाज, एवढ्यात काम भागवावं लागतं. अकरावं काही सुचलं तर आधीचं एक काढायचं. त्यामुळे कवितेचे शब्द वाद्यांखाली दबत नाहीत. एरवी स्नेहसंमेलनात आपण पाहतोच, संगीत दणदणीत असतं आणि मुलं काय म्हणतायत ते पालकांना शेवटपर्यंत कळत नाही.

गणितालाही त्याचा फार उपयोग झाला. लय मिनिटाला 80 ठोके ठेवली तर एक ठोका पाऊण सेकंदाचा. चार ठोक्यांचा एक गट तीन सेकंदांचा. मग 48 सेकंदांच्या कवितेत तो गट किती वेळा येईल? चौथीच्या मुलांनी 48 भागिले 3 करून 16 सांगितले आणि मग पडद्यावर मोजून पाहिले. सोळाच निघाले तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या. एकदा सहा मात्रांचा दादरा आणि आठ मात्रांचा केरवा मुद्दाम एकाखाली एक मांडले. दोघांची सम पुन्हा एकत्र कधी येते ते मुलांनी बोट ठेवून शोधलं. दादरा चार वेळा, केरवा तीन वेळा, चोविसाव्या मात्रेनंतर! लसावि हा शब्द मी तेव्हा उच्चारलासुद्धा नव्हता.

अडखळत वाचणाऱ्या मुलांनाही लयीचा आधार मिळाला. एक मुलगी मोठ्याने वाचायचं म्हटलं की गप्प व्हायची. टाळेच्या लूपवर सगळ्यांबरोबर एकेक ओळ म्हणता म्हणता ती एकटीने म्हणायला लागली. ठोका चालू असला की थांबायला वेळ मिळत नाही आणि चुकलं तरी पुढच्या ठोक्यावर पुन्हा गाडी पकडता येते. वर्गात सगळे थांबून आपल्याकडे बघत नाहीत, हेच तिला हवं होतं.

एवढं सगळं चांगलं चाललं असताना बदल कशाला करायचा, असं मला वाटायचं. मग आमच्या द्विशिक्षकी शाळेत नवीन मॅडम रुजू झाल्या. पहिल्याच आठवड्यात माझा लॅपटॉप चालू व्हायला लागलेला वेळ बघून म्हणाल्या, “सर, हे अजून वापरता तुम्ही? बँडलॅब बघा. मोफत आहे, मोबाइलवर चालतं, काही भरायला नको.” मी हसून म्हणालो, “मॅडम, हात बसलाय हो याच्यावर.” विषय तिथेच संपला. केंद्रात माझी ओळख ‘तंत्रस्नेही शिक्षक’ अशी आहे. शिक्षण परिषदेत कुणाला ट्रॅक हवा असला की मला फोन येतो. त्यामुळे मॅडमचं बोलणं मनाला थोडं लागलंही, हे कबूल करतो.

पण मला हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीने.

काही वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गात आम्ही गावातले आवाज गोळा केले होते. हातपंपाची करकर, शाळेची घंटा, लेझीम, पिठाची गिरणी. वर्गातल्या एका मुलाची आजी जात्यावर दळायची. आम्ही तिच्या घरी गेलो. आजी आधी लाजली. “मास्तर, माझा आवाज कशाला घेताय? घसा गेला आता,” म्हणाली. पण जात्याचा खुंटा हातात आला आणि ओवी आपोआप ओठांवर आली. मी मोबाइलवर सगळं रेकॉर्ड केलं. मग जात्याच्या एका फेऱ्याचा आवाज कापून लूप बनवला. जोडावर ‘खट्’ असा आवाज यायचा, म्हणून सुरुवात आणि शेवट नीट जुळवायला मुलांबरोबर तासभर बसलो. त्याखाली ढोलकी घातली, टाळ घातले, वर आजीची ओवी. स्नेहसंमेलनात तो ट्रॅक फार गाजला. आजी पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होती.

नंतर आजी गेली. दिवसकार्य झाल्यावर तिची लेक शाळेत आली. म्हणाली, “गुरुजी, आईचा तो आवाज द्या ना. नुसता आईचा. ते वाजवणं-बिजवणं नको.”

मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! घरी येऊन लॅपटॉप उघडला, ओवीची जुनी फाइल उघडली. पडद्यावर सगळे ट्रॅक जागच्या जागी दिसत होते. फक्त संदेश आला की आवाजाच्या फाइली सापडत नाहीत. मधल्या काळात डिस्क भरली होती, म्हणून मी ‘नको असलेल्या’ मोठ्या फाइली काढून टाकल्या होत्या. त्यातच आजीचं मूळ रेकॉर्डिंग गेलं होतं. तो मोबाइलही केव्हाच बदललेला.

ही चूक सॉफ्टवेअरची नाही, माझी आहे. पण त्यामागचं कारण सगळ्यांनी लक्षात घ्यावं. अशा सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल म्हणजे आपल्या टाचणवहीसारखी असते. कोणता आवाज कुठून आणायचा, कुठे लावायचा, किती मोठा ठेवायचा, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. प्रत्यक्ष आवाज वेगळ्या फाइलमध्ये असतो. ती फाइल हलवली किंवा पुसली की टाचण उरतं आणि धडा जातो. शिवाय ते टाचण वाचायला तेच सॉफ्टवेअर लागतं.

शेवटी मी त्या ताईंना स्नेहसंमेलनातला तयार ट्रॅक दिला. त्यांनी कानाला फोन लावून शांतपणे ऐकला. आभार मानले. जाताना एवढंच म्हणाल्या, “ढोलकीच जास्त येतीय हो गुरुजी.” त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना म्हणालो, “दाखवा बरं तुमचं ते बँडलॅब.”

पहिला अनुभव सांगतो. मी विद्यार्थी झालो. माझ्या हाताला सवयीची बटणं सापडेनात. लोकसहभागातून मिळालेला टॅब चौथीच्या मुलांच्या गटाकडे दिला, तर दहा मिनिटांत एका मुलाने मला ट्रॅक कसा वाढवायचा ते दाखवलं. “सर, हिथं दाबा की!” तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं लूप ‘आम्ही’ बनवत होतो असं मी म्हणतो, पण माऊस कायम माझ्याच हातात असायचा. मुलं मागे उभी राहून “सर, तिथे घ्या, सर, इथे घ्या” म्हणायची. लॅपटॉप एकच, जुना, बिघडेल ही भीती. आणि त्यातलं सगळं येणारा माणूसही एकच, मी. जुनं सॉफ्टवेअर मला सोडवत नव्हतं, याचं अर्धं कारण ते चांगलं होतं. उरलेलं अर्धं कारण म्हणजे तिथे मी गुरुजी होतो.

पण नवीन ते सगळं सोनं, असंही झालं नाही. आमच्या शाळेत नेटवर्क फक्त व्हरांड्याच्या टोकाला, झेंड्याच्या खांबाजवळ येतं. काम नेटवर साठवलं जातं, त्यामुळे नेट गेलं की सगळा गट खांबाभोवती गोळा! दुसरी अडचण याहून मोठी. तिथे तयार लूपचा डोंगर आहे. मुलांनी पटापट ड्रम, गिटार आणि कसले कसले दणके निवडले. ऐकायला झकास, पण त्यात आमचं गाव कुठेच नव्हतं. हातपंप नाही, लेझीम नाही. तयार लूप बहुतेक चार ठोक्यांचे. आमची एक कविता दादऱ्यात होती. मुलांनी ती ओढूनताणून चारात बसवली आणि शब्द चुकीच्या जागी तोडायला लागली. मराठीचा तास म्हणून पाहिलं तर हे नुकसानच. कवितेची लय शब्दांतून यायला हवी, यंत्राच्या चौकटीतून नाही.

मग मी आणि मॅडमनी बसून आमच्यापुरती घडी बसवली. तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

1. पहिला लूप आपला. तयार लूपला हात लावण्याआधी प्रत्येक गटाने स्वतः रेकॉर्ड केलेला एक तरी आवाज वापरायचा. टाळी, बाकावरचा ठेका, घंटा, काहीही चालेल.

2. आधी कविता तोंडाने म्हणायची, हाताने मात्रा मोजायच्या. सहाची की आठची ते मुलांनी ठरवायचं. टॅब त्यानंतर.

3. मूळ रेकॉर्डिंग पुसायचं नाही. वेव्ह फाइल करून, नाव, वर्ग आणि तारीख घालून दोन ठिकाणी ठेवायची. एक प्रत शाळेत, एक घरी.

4. काम संपलं की प्रत्येक ट्रॅक एकटा वाजवून त्याचीही वेगळी वेव्ह फाइल काढायची. ती आज कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते. उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी आवाज आपल्याकडे राहतो.

5. मुलांच्या नावाने खाती काढायची नाहीत. शिक्षकाच्या खात्यावर, शिक्षकासमोर काम करायचं. मुलांचे आवाज सार्वजनिक करायचे नाहीत. घरी पाठवायचे तर पालकांना विचारून.

नेट नसेल तिथे ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर रेकॉर्ड करायला आणि तुकडे कापायला पुरेसं आहे. ते साध्या संगणकावर नेटशिवाय चालतं.

आणि माझं जुनं ॲसिड? ते अजून आहे. लॅपटॉपवर विंडोज 7 आहे. त्याला कंपनीचा आधार 14 जानेवारी 2020 रोजी संपला, म्हणून तो नेटला जोडत नाही. घाईत एखादा ट्रॅक करायचा असला की माझा हात अजूनही तिकडेच जातो. दिवाळीच्या सुट्टीत मात्र मी एकच काम केलं. जुनी प्रत्येक फाइल उघडली आणि जे आवाज शिल्लक होते ते सगळे वेगळे काढून ठेवले. त्या वाचायला घाबरणाऱ्या मुलीचा आवाज सापडला. आता ती माध्यमिक शाळेत आहे. तिच्या वडिलांना पेन ड्राइव्हमध्ये दिला.

ओवीच्या फाइलमध्ये जात्याचा लूप तेवढा उरला होता. एक फेरा, चार सेकंदांचा. आणि त्या फेऱ्याच्या शेवटी, कापताना चुकून राहून गेलेला, आजीने श्वास घेतल्याचा आवाज. तो तुकडा मी ताईंना नेऊन दिला. त्यांनी तीन-चार वेळा लावून ऐकला आणि म्हणाल्या, “ही आईच.”

पालकहो, तुमच्या मोबाइलमध्ये घरातल्या आजी-आजोबांचं गाणं, गोष्ट, नुसतं बोलणं असेल, तर आजच त्याची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवा. आणि शिक्षक मित्रांनो, तुमचं सॉफ्टवेअर जुनं असो वा नवं, उद्याच्या तासाला माऊस एकदा मुलांच्या हातात देऊन बघा.